घनता वाढली, बिअर मात्र आंबेना : एक प्रकरण अभ्यास

घरी केलेल्या बिअरमध्ये यीस्ट घालून दोन दिवस उलटले तरी फेस नाही, बुडबुडा नाही, अशी वेळ आली की बहुतेकांचा हात आधी यीस्टच्या दुसऱ्या पाकिटाकडे जातो. ज्या प्रकरणाविषयी येथे लिहीत आहे त्यात तसे केले असते, तर दुसरे पाकीटही पहिल्याच्याच वाटेने गेले असते, कारण पहिल्या पाकिटाचा घात करणारी वस्तू तोपर्यंत कोणाच्या लक्षातही आलेली नव्हती आणि दुसऱ्या वेळीही तीच हाती घेतली गेली असती. आंबण्याची क्रिया का सुरू झाली नाही हे कळल्याशिवाय पुन्हा यीस्ट घालू नये, हे माझे मत या प्रकरणाने पक्के झाले. कारण शोधायला लागणारी बहुतेक साधने घरी बिअर करणाऱ्याकडे आधीपासूनच असतात, म्हणून तपासाचा सगळा क्रम तपशिलाने मांडतो.

काय घडले होते

बिअर करणारे गृहस्थ माझे स्नेही आहेत. त्यांच्या आधीच्या खेपा नीट आंबल्या होत्या आणि प्रत्येक खेपेची नोंद ते वहीत करून ठेवतात. ही वहीच पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडली. या वेळची बिअर साध्या एल प्रकारची, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबणारी होती. २.७ किलो कोरडा माल्ट अर्क (मोड आणलेल्या सातूतील साखरेची पूड) १२ लिटर पाण्यात विरघळवून त्यांनी हॉप्ससह (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) तासभर उकळला, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून तो निववला आणि तयार झालेला गोड द्राव, म्हणजे वर्ट, घट्ट झाकणाच्या ३० लिटरच्या बादलीत ओतला. त्यात आधी उकळून गार केलेले पाणी घालून एकूण २० लिटर केले आणि निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने बराच वेळ जोरात ढवळले. त्या वेळी तबकडीच्या थर्मामीटरवर वर्टचे तापमान २२ अंश सेल्सिअस दिसले.

दरम्यान ११.५ ग्रॅम कोरड्या एल यीस्टचे पाकीट त्यांनी उकळून निववलेल्या सुमारे ११५ मिलिलिटर पाण्यात भिजवले होते. त्याच थर्मामीटरवर हे पाणी ३५ अंश दिसले, आणि यीस्टच्या पाकिटावरही साधारण तेवढेच तापमान सांगितलेले होते. वीस मिनिटांनी भिजलेले यीस्ट वर्टमध्ये ओतून त्यांनी झाकण बसवले, एअरलॉक (आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी झडप) लावला आणि बादली २० अंशांच्या आसपास राहणाऱ्या खोलीत ठेवली. त्याच वेळी तोटीतून काढलेल्या नमुन्याची घनता हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रावात तरंगून पाण्याच्या तुलनेत त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, १.०४६ भरली.

दोन दिवसांनी त्यांनी मला विचारले ते "बिअर आंबायला लागलीच नाही" असे नव्हे. त्यांचे म्हणणे असे होते की पहिल्या रात्री एअरलॉकमध्ये बुडबुडे चांगले येत होते, सकाळी ते मंदावले आणि त्यानंतर काहीच नाही. तेव्हा क्रिया सुरू होऊन मध्येच बंद पडली का? हा प्रश्न बारकाईने घेण्यासारखा आहे, कारण सुरू होऊन थांबलेली बिअर आणि मुळात सुरूच न झालेली बिअर या दोन निरनिराळ्या व्याधी आहेत. पहिलीत तापमान घसरणे, यीस्ट लवकर तळाशी बसणे किंवा वर्टमध्ये न आंबणाऱ्या साखरेचे प्रमाण जास्त असणे ही कारणे पाहावी लागतात. दुसरीत यीस्ट जिवंत होते का, इथूनच सुरुवात करावी लागते.

बुडबुड्यांची दिशा

एअरलॉक हे मोजण्याचे साधन नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक असते, तरी बादलीसमोर उभे राहिल्यावर सगळे त्याच्याकडेच पाहतात. झाकण किंवा रबरी कडी किंचित सैल असेल तर आतला कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या वाटेने निघून जातो आणि बिअर जोमाने आंबत असतानाही एअरलॉक शांत राहतो. शिवाय सुरुवातीला तयार होणारा वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतच नाही, तो वर्टमध्ये विरघळतो. २० अंशांना एका लिटरमध्ये दीड ग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड मावतो, आणि तेवढा तयार व्हायला लिटरमागे तीन ग्रॅमहून अधिक साखर आंबावी लागते. म्हणून पहिल्या काही तासांची शांतता ही नैसर्गिक असते. कोरड्या एल यीस्टने सुरू केलेल्या खेपेत दिसण्याजोगी हालचाल व्हायला १२ ते २४ तास सहज लागतात आणि ७२ तासांपर्यंत धीर धरावा असे अनुभवी लोक सांगतात ते योग्यच आहे. तरीही या प्रकरणात इतके थांबायची गरज नव्हती, कारण पुरावे आधीच समोर होते.

त्यांनी एअरलॉकचे एक छायाचित्र पाठवले. तो इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचा, दोन फुगे असलेला होता. आत दाब वाढला की अशा एअरलॉकमध्ये पाणी बाहेरच्या फुग्याकडे ढकलले जाते आणि आतल्या बाजूचा फुगा रिकामा होतो. छायाचित्रात नेमके उलटे होते: पाणी बादलीच्या बाजूच्या फुग्यात चढलेले होते आणि बाहेरच्या फुग्यात तळाशी जेमतेम थोडे उरले होते. याचा अर्थ बादलीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब होता. मग मी त्यांना विचारले की पहिल्या रात्रीचे बुडबुडे कोणत्या बाजूच्या फुग्यात वर येत होते. थोडे आठवून त्यांनी सांगितले की आतल्या बाजूच्या. म्हणजे वायू बाहेर पडत नव्हता, बाहेरची हवा आत ओढली जात होती.

या एका निरीक्षणाने दोन गोष्टी ठरल्या. बादलीत निर्वात तयार होऊन टिकून राहिला होता, त्यामुळे झाकण पक्के हवाबंद आहे हे सिद्ध झाले आणि "वायू कुठून तरी गळत असेल" हा सगळ्यांत सोयीचा खुलासा बाद झाला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. हवा रात्रभर आत ओढली जायची तर बादलीतला ऐवज रात्रभर बराच निवत राहिला असला पाहिजे. २२ अंशांवरून २० अंशांवर येण्याने एवढे घडत नाही. बादलीतल्या १० लिटर मोकळ्या जागेतली हवा दोन अंशांनी निवली तर ती जेमतेम ७० मिलिलिटर आकसते. एवढ्याने चार-दोन बुडबुडे येतील, रात्रभर येणार नाहीत. वर्ट नोंदीतल्या २२ अंशांपेक्षा खूपच गरम असताना झाकण लावले गेले होते, असा संशय इथे पहिल्यांदा आला. तीन भागांचा, बुटका एअरलॉक असता तर ही दिशा कळलीच नसती. या एका कारणासाठी मला दोन फुग्यांचा एअरलॉक अधिक पसंत आहे, जरी तो साफ करायला जिकिरीचा असला तरी.

वर गेलेली घनता

संशय आला तरी तो मोजून पाहायला हवा होता. मी त्यांना तोटीतून नवा नमुना काढून घनता घ्यायला सांगितली. उत्तर आले १.०५०, आणि सोबत दिलगिरीही, की वाचण्यात काही चूक झाली असावी, पुन्हा घेऊन सांगतो. पुन्हा घेतली तरी १.०५०च भरली. आंबताना साखर कमी होते आणि पाण्यापेक्षा हलके अल्कोहोल तयार होते, त्यामुळे घनता उतरायला हवी, ती ०.००४ ने वाढली कशी?

घनता वाढल्याचे दिसण्याला एक नेहमीचे कारण असते. दाट वर्टमध्ये वरून पाणी ओतून नीट ढवळले नाही तर दाट थर खाली आणि पातळ थर वर राहतो, आणि नमुना कुठून घेतला त्याप्रमाणे वाचन बदलते. पण इथे दोन्ही वेळा नमुना तोटीतून, म्हणजे तळाजवळून काढलेला होता. थर वेगळे राहिले असते तर पहिले वाचन अपेक्षेपेक्षा जास्त आले असते आणि नंतर उतरले असते. इथे घडले ते याच्या उलट, म्हणून हे कारण लागू पडत नव्हते.

माल्ट अर्कापासून केलेल्या बिअरचा एक फायदा असा की तिची सुरुवातीची घनता आधीच काढता येते. कोरडा माल्ट अर्क १ किलो घेऊन एकूण २० लिटर केले की घनता सुमारे ०.०१८ ने वाढते, त्या हिशेबाने २.७ किलोला १.०५० च्या अगदी जवळ यायला हवी. म्हणजे दुसरे वाचन बरोबर होते आणि शंका घ्यायची ती पहिल्या वाचनाची. स्नेह्यांचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला होता. द्राव गरम असला की तो विरळ होतो आणि हायड्रोमीटर जास्त बुडून कमी आकडा दाखवतो. २२ अंशांना हा फरक नगण्य असतो, म्हणून त्यांनी दुरुस्ती केली नव्हती. पण ३४ अंशांच्या आसपास फरक बरोबर ०.००४ इतका येतो. १.०४६ चा नमुना ३४ अंशांना घेतला असेल तर त्याची खरी घनता १.०५० ठरते.

आता एअरलॉक आणि हायड्रोमीटर ही दोन साधने एकमेकांची खबर नसताना एकच साक्ष देत होती. वर्ट २२ अंशांवर नव्हता, ३४ च्या जवळ होता. हवेचाही हिशेब जुळला: १० लिटर हवा ३४ वरून २० अंशांवर आली तर ती जवळपास अर्धा लिटर आकसते, आणि तेवढी हवा बाहेरून आत यायला रात्र पुरते. घनता जराही उतरलेली नव्हती, त्यामुळे मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळाले. क्रिया सुरू होऊन थांबली नव्हती; ती सुरूच झाली नव्हती.

पण इथे घाईने निष्कर्ष काढला तर तो चुकतो. वर्ट गरम होता म्हणून यीस्ट मेले, असे म्हणणे सोपे आहे आणि ते खरे नाही. ३४ अंशांना एल यीस्ट मरत नाही. उलट ते अति वेगाने काम करते, आणि उग्र, झोंबऱ्या चवीची अल्कोहोले व फळांसारखे तीव्र वास निर्माण करून बिअर बिघडवते. यीस्ट जिवंत असते तर या बादलीवर सकाळपर्यंत फेसाचा जाड थर चढला असता. इतक्या ऊबेतही काहीच झाले नाही, याचा अर्थ यीस्ट वर्टमध्ये पोचण्यापूर्वीच संपलेले होते. आणि त्याआधी ते एकाच ठिकाणी होते: भिजवण्याच्या कपात, जिथे त्याच थर्मामीटरने ३५ अंश दाखवले होते.

थर्मामीटरची परीक्षा

थर्मामीटर तपासायला दोन स्थिर बिंदू पुरतात. बर्फाचा चुरा करून त्यात तो जेमतेम भिजेल एवढेच पाणी घातले आणि ढवळत राहिले की मिश्रण ० अंशांवर ठरते. खळखळ उकळणारे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर असते. उंचावर राहणाऱ्यांनी दर ३०० मीटरमागे साधारण एक अंश वजा करावा. स्नेह्यांच्या थर्मामीटरची तबकडी उणे १० पासून सुरू होत होती. बर्फात त्याचा काटा उणे १० च्याही खाली सरकून खुंटीला टेकला. उकळत्या पाण्यात तो ८८ वर थांबला. दोन्हीकडे मिळून फरक एकच निघत होता: थर्मामीटर सुमारे १२ अंश कमी दाखवत होता. आधीच्या खेपेनंतर तो एकदा ओट्यावरून खाली पडला होता, हे तेव्हा आठवले.

मात्र १२ अंशांचा फरक धरला तरी भिजवण्याचे पाणी ४७ अंशांचे ठरते. यीस्टसाठी हे घातकच आहे, तरी थोड्याफार पेशी तग धरतील अशी शक्यता मला वाटत होती. म्हणून त्यांना तोच कप, तेवढेच पाणी घेऊन, तबकडीचा थर्मामीटर आणि काचेचा थर्मामीटर दोन्ही शेजारी शेजारी धरायला सांगितले. तबकडीवर ३५ दिसत असताना काचेच्या थर्मामीटरवर ५१ होते. जास्तीच्या चार अंशांचे कारण या थर्मामीटरच्या रचनेत आहे. त्याच्या दांडीत दोन निराळ्या धातूंची जोडपट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, तापमान बदलले की ती पिळली जाते आणि काटा फिरतो. ही स्प्रिंग दांडीच्या खालच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये पसरलेली असते आणि ती पूर्ण बुडाली तरच वाचन खरे येते. ११५ मिलिलिटर पाण्याची कपातली खोली तीन सेंटिमीटरच्या आसपास होती. निम्मी स्प्रिंग बाहेरच्या हवेत होती. मोठ्या भांड्यात चांगले काम देणारा तबकडीचा थर्मामीटरसुद्धा एवढ्याशा कपात खोटे बोलतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, मग तो कधी पडलेला असो वा नसो.

कोरड्या यीस्टला भिजण्याची पहिली काही मिनिटे फार नाजूक असतात. सुकलेल्या पेशीचे बाह्य पटल आकसलेले असते आणि पाणी शोषून ते पूर्ववत होईपर्यंत पेशीला आत काय घ्यावे आणि काय बाहेर सोडावे यावर ताबा नसतो. पाणी फार गार असेल तर पटल नीट जुळून येत नाही, पेशीतला ऐवज झिरपून जातो आणि अनेक पेशी दगावतात. म्हणूनच एल यीस्टसाठी साधारण २५ ते ३५ अंशांचे पाणी सांगतात. ४० च्या पुढे नुकसान वाढत जाते आणि ५० अंशांना वीस मिनिटे ठेवलेल्या यीस्टकडून काही अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. कपात यीस्टवर साय धरल्यासारखा फेस आला नव्हता, नुसता पिवळट गाळ तळाशी बसला होता, असेही स्नेह्यांनी सांगितले. कोरडे यीस्ट भिजताना फेस येतोच असे नाही, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवता आले नसते. बाकीच्या पुराव्याशी मात्र ते सुसंगत होते.

वर्ट वाचवण्याजोगा होता का

कारण सापडले तरी ४८ तास यीस्टविना राहिलेला वर्ट वापरावा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे मी कधीही हलकेपणाने पाहत नाही. वर्ट गोड असतो, त्यात प्रथिनांचे घटक असतात, आणि त्याला जंतूंपासून वाचवते ते मुख्यतः यीस्टचे जलद काम: यीस्ट प्राणवायू संपवते, आम्लता वाढवते आणि अल्कोहोल तयार करते. हॉप्समधील कडू आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या काही जीवाणूंना रोखतात, पण यीस्ट सुरू होण्याआधी वर्टमध्ये सर्वांत आधी वाढणाऱ्या एंटेरोबॅक्टर गटातल्या जीवाणूंवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. या जीवाणूंनी जम बसवला की शिजवलेल्या कोबीसारखा किंवा कुजकट भाजीसारखा वास येतो.

स्नेह्यांनी झाकण किंचित उघडून वास घेतला. नुसता माल्टचा गोड आणि हॉप्सचा वास होता. वर तवंग नव्हता, भिंतीवर फेसाचे कडे नव्हते. पीएच ५.२ भरला. न आंबलेल्या वर्टचा पीएच इतकाच असतो आणि आंबायला लागल्यावर एक-दोन दिवसांत तो ४.५ च्या आसपास उतरतो, त्यामुळे घनतेने सांगितलेलेच पीएचने पुन्हा सांगितले. (ही पीएचची मोजपट्टीच मुळात बिअरच्या घरातली आहे: सोरेन सोरेनसेन यांनी ती १९०९ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत मांडली; त्याच प्रयोगशाळेत १८८३ साली एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले होते.)

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पीएचला महत्त्व आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, हवाबंद जागेत ते वाढू शकतात, आणि त्यांची वाढ थांबते ती पीएच ४.६ च्या खाली गेल्यावर. आंबून गेलेली बिअर ही मर्यादा ओलांडून सुरक्षित बाजूला गेलेली असते. हवाबंद डब्यात पडून राहिलेला गोड वर्ट तसा नसतो. म्हणून तिसरा दिवस संपेपर्यंत यीस्टचे काम सुरू झालेले नसेल तर असा वर्ट मी टाकून देण्याचाच सल्ला देतो, मग वास कितीही चांगला असो. या खेपेला अजून वेळ होता, पण फार नव्हता.

तीन बरण्या

यीस्ट मेल्याचे कारण पक्के दिसत असले, तरी दुसरी दोन कारणे अजून उभी होती. बादलीत निर्जंतुक करण्याच्या द्रावाचा जास्त अंश राहून तो यीस्टला मारक ठरला असू शकत होता, आणि यीस्टचा तो घाणाच कमकुवत असू शकत होता. स्नेह्यांकडे त्याच घाण्याचे आणखी एकच पाकीट होते, थंडीत ठेवलेले आणि मुदतीतले. ते सगळे एकदम पणाला लावण्याऐवजी अर्धा दिवस खर्चून खात्री करून घेणे मला योग्य वाटले.

तीन स्वच्छ, उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या बरण्या घेतल्या. पहिलीत बादलीतला वर्ट तसाच भरला, काही न घालता. दुसरीत बादलीतला वर्ट आणि चिमूटभर नवे यीस्ट. तिसरीत थोडा माल्ट अर्क वेगळ्या भांड्यात उकळून गार केलेला द्राव आणि तेवढेच नवे यीस्ट. प्रत्येकीत साधारण २०० मिलिलिटर, तोंडावर सैल फॉइल, कारण बंद बरणीत दाब वाढून काच फुटू शकते. तिन्ही २५ अंशांच्या उबदार जागी ठेवल्या. चिमटीने घेतलेले यीस्ट या वेळी काचेच्या थर्मामीटरवर ३२ अंश असलेल्या पाण्यात भिजवले होते, आणि उरलेले पाकीट घडी घालून, हवा काढून, पुन्हा थंडीत ठेवले.

इतक्या थोड्या वर्टला चिमूटभर यीस्ट भरपूर होते, त्यामुळे उत्तर लवकर मिळते. पाच-सहा तासांत दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीत बारीक बुडबुड्यांची रेघ काचेवरून वर चढताना दिसू लागली आणि वर पांढरा फेस धरला. पहिली बरणी हलवून पाहिली तरी निश्चल होती. दुसरी बरणी जिवंत झाली म्हणजे वर्टमध्ये विष नव्हते. तिसरीही झाली म्हणजे यीस्टचा घाणा उत्तम होता. आणि पहिली पडून राहिली म्हणजे आधी घातलेल्या यीस्टमध्ये म्हणण्यासारखे काही उरलेले नव्हते. दुसरी शांत आणि तिसरी फसफसणारी दिसली असती तर पाकीट न फोडता मी वर्ट ओतून द्यायला सांगितले असते. दोन्ही शांत राहिल्या असत्या तर दोष पाकिटाचा ठरला असता आणि वेगळे यीस्ट मिळवावे लागले असते. पहिलीच बरणी फेसाळली असती तर मात्र काहीच न करता थांबणे शहाणपणाचे होते. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर मेथिलीन ब्लू या रंगाने हेच पाच मिनिटांत कळते, कारण मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत पेशी रंगहीन राहतात. पण बरण्यांनी मिळणारे उत्तर वर्टविषयीही बोलते, ते सूक्ष्मदर्शकाला जमत नाही.

प्राणवायूच्या अभावाची शंका स्नेह्यांनी काढली होती. उकळल्याने वर्टमधला प्राणवायू निघून जातो आणि पेशीपटल बांधायला यीस्टला तो लागतो, हे बरोबर आहे. पण कोरड्या यीस्टमध्ये त्यासाठी लागणारे स्निग्ध घटक बनवतानाच साठवलेले असतात, आणि प्राणवायू कमी पडला तर क्रिया मंद होते, पुढे अडखळते. दोन दिवस शून्यावर राहत नाही.

दुसऱ्यांदा यीस्ट

पहिल्या वेळेपासून साधारण ६० तासांनी दुसरे यीस्ट घातले गेले. बरण्यांसाठी घेतलेले वजा करता पाकिटात ११ ग्रॅमच्या आसपास यीस्ट होते. एल प्रकारच्या कोरड्या यीस्टला लिटरमागे अर्धा ते पाऊण ग्रॅम हे प्रमाण पुरेसे असल्याने २० लिटरला तेवढे चालून गेले. वजनाच्या दहापट, ३२ अंशांचे पाणी, त्यावर यीस्ट भुरभुरून पंधरा मिनिटे न हलवता ठेवले, मग हळुवार ढवळून आणखी काही मिनिटे. बादलीतला वर्ट २० अंशांवर होता. भिजलेले यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानात दहा अंशांहून अधिक तफावत असू नये, म्हणून कपात थोडा थोडा वर्ट मिसळून तो २४ अंशांपर्यंत उतरवला आणि मगच बादलीत ओतला.

ओतण्याआधी वर्ट निर्जंतुक चमच्याने पुन्हा जोरात ढवळून हवा मिसळू दिली. आंबायला लागलेल्या बिअरमध्ये असे करणे मी कधीही सुचवणार नाही, तिथे हवा चव शिळी करते. पण अल्कोहोलचा अंशही नसलेल्या वर्टमध्ये ती अडचण नव्हती. तळाशी बसलेले मेलेले यीस्ट काढायचा खटाटोप केला नाही. त्या पेशी फुटून त्यांतले पोषक घटक वर्टमध्ये येतात आणि नव्या यीस्टच्या उपयोगी पडतात.

नऊ तासांनी एअरलॉकचे पाणी बाहेरच्या फुग्याकडे सरकले. दुसऱ्या दिवशी झाकणाखाली तपकिरी ठिपक्यांचा जाड फेस होता आणि पीएच ४.६ च्या खाली आला होता. बाराव्या दिवशी घनता १.०१२ भरली, तीन दिवसांनी पुन्हा तेवढीच, म्हणून बाटल्या भरल्या. अल्कोहोल आकारमानाने सुमारे ५ टक्के झाले. कोबीचा किंवा भाजीचा वास नव्हता. ३४ अंशांची ती रात्र यीस्टविना गेली, त्यामुळे उग्र अल्कोहोलांचा दोषही बिअरमध्ये आला नाही.

तबकडीच्या मागे एक लहानसा नट असतो. बर्फाच्या मिश्रणात दांडी बुडवून तो फिरवला आणि काटा शून्यावर आणला. मोठ्या भांड्यासाठी तो थर्मामीटर स्नेह्यांनी ठेवला आहे, पण प्रत्येक खेपेआधी तो बर्फात तपासतात. यीस्ट भिजवण्याच्या कपात आता काचेचा, पारा नसलेला थर्मामीटर असतो, आणि घनतेचा नमुना ते २० अंशांपर्यंत निववूनच मोजतात.